फेडणे आणि सोडणे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील कृपा व कृतज्ञता

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पदव्युत्तर वर्गास शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न ह्या लेखाच्या मुळाशी आहे. टिळक दांपत्याच्या धर्मांतराची चर्चा चालू होती. ख्रिस्ती मतानुसार ईश्वराची कृपा मनुष्याच्या पात्रतेवर अवलंबून नसते. ती कमवावी लागत नाही आणि तिची परतफेडही करता येत नाही, असे मी सांगितले. लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आमच्या नांदेडच्या वर्गात आलेली ती विद्यार्थिनी म्हणाली, "सर, जे फेडायचंच नाही त्याचे उपकार मानायचे म्हणजे नेमकं काय करायचं?" वर्गातील काही जण हसले. मी उत्तर दिले. परंतु ते पाठ्यपुस्तकी उत्तर होते, हे मला बोलता बोलताच जाणवले.

प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राचा आहे. वस्तुतः तो भाषेचा आहे, आणि म्हणूनच तो समीक्षेचाही आहे. विनामूल्य मिळालेल्या कृपेविषयीची कृतज्ञता मराठीत बोलावयाची झाल्यास लेखकाच्या हाती कोणते शब्द येतात? ते शब्द त्याला कोठवर साथ देतात आणि कोठे अडवितात? थोर लेखक ह्या अडचणीतून वाट कशी काढतात? ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कोणत्याही धर्ममताचे मंडन वा खंडन करणे हा ह्या लेखाचा हेतू नव्हे.

१

प्रथम शब्दांचा विचार करू. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'खारिस' हा एकच शब्द देणाऱ्याची कृपा आणि घेणाऱ्याने मानलेले आभार ह्या दोन्ही अर्थी येतो. लॅटिनमधील 'ग्रातिया' ह्या शब्दाचेही तसेच आहे. ह्या भाषांत कृपा आणि कृतज्ञता ही जणू एकाच नाण्याची दोन अंगे होत. वरून खाली येते ती कृपा, आणि तीच खालून वर गेली की ती कृतज्ञता. मराठीत अशी सोय नाही. 'कृपा', 'दया', 'अनुग्रह', 'करुणा' हे शब्द देणाऱ्याच्या बाजूचे. घेणाऱ्याच्या बाजूचे शब्द पाहिले तर ते जवळजवळ सगळेच देण्याघेण्याच्या व्यवहारातून आलेले दिसतात. आपण कोणाचे 'ऋणी' असतो, कोणाच्या उपकारांचे 'ओझे' आपल्यावर असते, त्यातून आपण 'उतराई' होऊ पाहतो, आईबापांचे 'पांग' फेडतो. 'आभार' ह्या रोजच्या शब्दातही 'भार' उघड दिसतो. 'कृतज्ञता' हा शब्द ह्या व्यवहारापासून दूर आहे खरा. परंतु तो ग्रंथातला शब्द. आमच्या नांदेडच्या बाजारात किंवा लातूरच्या आडतीवर तो कोणी वापरीत नाही.

ह्या सर्व शब्दांना बांधून ठेवणारे क्रियापद 'फेडणे' हे होय. कर्ज फेडतात, उपकार फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात. त्याचे अकर्मक रूप 'फिटणे'. ह्याच्या समोर मराठीत दुसरे एक क्रियापद उभे आहे, ते म्हणजे 'सोडणे', आणि त्याचे अकर्मक रूप 'सुटणे'. 'ऋण फेडणे' आणि 'ऋण सोडणे' ह्या दोन्ही प्रयोगांनी ऋण संपते. परंतु व्याकरणदृष्ट्या कर्ता बदलतो. फेडणारा तो ऋणको. सोडणारा तो धनको. 'फेडणे' ह्या क्रियेत देणेकरी उभा राहून काही करतो. 'सोडणे' ह्या क्रियेत त्याला करण्यासारखे काही उरतच नाही. तो केवळ सुटतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नातील पेच नेमका येथे आहे. आपली कृतज्ञतेची भाषा 'फेडणे' ह्या क्रियापदाभोवती वाढलेली आहे, आणि ख्रिस्ती कृपेची कल्पना 'सोडणे' ह्या क्रियापदाची आहे.

हा पेच केवळ मराठीचा नव्हे. पोर्तुगीज भाषेत आभार मानताना उच्चारला जाणारा 'ओब्रिगादो' हा शब्द 'मी बांधला गेलो आहे' असेच सांगतो. त्या भाषेच्या राज्यात चार शतकांहून अधिक काळ राहिलेल्या गोव्यातील कोंकणी माणसाने मात्र आभारासाठी 'देव बरें करूं' असा प्रयोग रूढ केला. ह्याचा अर्थ असा की, तुझे मी फेडू शकत नाही. तुझे बरे देवच करो. येथे परतफेडीची कल्पना गेलेली नाही, पण ती तिसऱ्याकडे सोपविली आहे. त्याच कोंकणीत तारणाऱ्या ख्रिस्ताला 'सोडवणदार' म्हणतात. एका लोकभाषेने कसलाही ग्रंथ समोर न ठेवता 'सोडणे' हे क्रियापद नेमके हेरावे, ही भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

२

आता मराठी बायबलाकडे वळू. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्यांच्या देखरेखीखाली नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये छापले गेले. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईस १८१३ मध्ये सुरू झाले आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. त्यानंतर त्या भाषांतराची वारंवार दुरुस्ती झाली. ह्या कामात किती ज्ञात-अज्ञात पंडितांचे हात लागले असतील ह्याचा हिशेब करणे कठीण. परंतु त्या हातांनी केलेली काही शब्दांची निवड आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानात येशूने शिष्यांना शिकविलेली जी प्रार्थना आहे, तीत क्षमेची याचना करताना मराठी भाषांतरकारांनी 'पाप' किंवा 'अपराध' हा शब्द न घेता 'ऋण' हा शब्द घेतला आणि त्याला 'सोडणे' हे क्रियापद जोडले. मूळ ग्रीक शब्दही देण्याचाच आहे, त्यामुळे हे भाषांतर शब्दशः निष्ठावंत आहे. परंतु निष्ठेच्या पलीकडे जाऊन ते मराठी श्रोत्याच्या जिव्हारी लागते. ज्या प्रदेशात सावकाराची चोपडी आणि गहाणखत ह्या गोष्टी उपमा नव्हेत, तर घरातल्या गोष्टी होत्या व आहेत, तेथे 'ऋण सोडणे' हा प्रयोग ऐकणाऱ्याला धर्मोपदेशाच्या आधी दारात उभा असलेला सावकार दिसतो.

ह्याच भाषांतरपरंपरेत 'तारण' हा शब्द मुक्तीच्या अर्थी रूढ झाला. व्यवहारात मात्र 'तारण' म्हणजे कर्जासाठी ठेवलेली हमी. शेत तारण ठेवून काढलेले कर्ज आणि पापी मनुष्याचे झालेले तारण ह्यांत एकाच ध्वनिरूपाने दोन उलट दिशा दाखविल्या आहेत. पहिल्यात माणूस आपले सर्वस्व गुंतवितो, दुसऱ्यात त्याचे सर्वस्व मोकळे होते. मोबदला भरून सोडविणे ह्या अर्थी योजलेला 'खंडणी' हा शब्द तर काळाने जवळजवळ निकामी केला आहे. आजच्या वृत्तपत्रांत तो गुन्हेगारीच्या बातम्यांतच भेटतो, आणि मराठवाड्यातील तरुण वाचकास त्या शब्दातून मुक्तीचा बोध होणे दुरापास्त आहे. धार्मिक भाषेतील शब्द असे वृद्ध होतात. त्यांचा अर्थ पुसला जात नाही, तो भलत्या वाटेने जातो.

परंतु ह्या भाषांतराचे सर्वांत मोठे यश, माझ्या मते, 'उपकारस्मरण' ह्या शब्दात आहे. स्तोत्रसंहितेत ईश्वराचे आभार मानावयास सांगितले जाते तेथे हा शब्द येतो. त्यात 'उपकार' हा देण्याघेण्याच्या व्यवहारातला शब्द कायम ठेवला आहे, कारण त्यावाचून मराठी कानाला कृतज्ञता ऐकूच आली नसती. मात्र त्याला 'फेडणे' जोडलेले नाही, 'स्मरण' जोडले आहे. उपकार फेडला की तो संपतो, आणि संपलेल्या गोष्टीचे स्मरण ठेवण्याचे कारण उरत नाही. स्मरण केलेला उपकार मात्र तसाच राहतो. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनेतही उपकार 'आठवण्याचा' असाच प्रयोग आहे. दोन भगिनीभाषांनी एकच उपाय शोधावा, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ह्या एका समासात आहे. उरलेल्या निम्म्यासाठी आपणास ग्रंथकारांकडे जावे लागेल.

३

तत्पूर्वी एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. कृपा अपात्रास मिळते, असे म्हटले की भारतीय वाचकाच्या मनात 'पात्र' ह्या शब्दाचा मोठा इतिहास जागा होतो. दान सत्पात्री असावे, हा आपल्याकडील जुना दंडक. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक ठरविले आहे आणि अपात्रास दिलेले दान तामस. ह्या दृष्टीने पाहता ख्रिस्ती कृपा हे निव्वळ अपात्री दान होय, आणि तेच तिचे भूषण मानले गेले आहे. नव्या कराराचा आग्रह असा की, देणाऱ्याने पात्र पाहिले असते तर कोणालाच काही मिळाले नसते.

कृपा गुणदोष पाहत नाही, ही कल्पना भारतास परकी आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. रामानुजीय परंपरेत ह्याच प्रश्नावर मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष पडले. वानराचे पिलू आईला घट्ट धरून ठेवते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला उचलून नेते. जर्मन पंडित रुडॉल्फ ओट्टो ह्याने १९३० मध्ये भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म ह्यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला, तो ह्याच साम्याने प्रभावित होऊन. आमच्या नांदेडला तर पुस्तकाचीही गरज नाही. १७०८ मध्ये येथे गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, आणि तेव्हापासून गोदाकाठच्या गुरुद्वाऱ्यात नित्य पठणात 'गुरप्रसाद' हा शब्द ऐकू येतो. परमतत्त्वाची प्राप्ती गुरूच्या प्रसादाने होते, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, असा त्याचा आशय. त्याच ग्रंथसाहिबात मराठवाड्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या नामदेवांची ६१ पदे आहेत. कृपेची भाषा ह्या मातीत मुरलेली आहे.

आक्षेप असा नव्हेच की ही कल्पना परकी आहे. खरा आक्षेप निराळा आहे आणि अधिक गंभीर आहे. 'मी अपात्र आहे' हे वाक्य कोण उच्चारतो, ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी स्वतःस अपात्र म्हणणे ही नम्रता होय. ज्याला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अपात्र म्हणून वेशीबाहेर ठेवले त्याच्या तोंडी तेच वाक्य घालणे हा क्रूरपणा होऊ शकतो. चोखामेळ्याच्या वाणीतील वेदना आठवली म्हणजे हे ध्यानी येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली, तेव्हा तिच्यात आलेल्या मांग-महार कुटुंबांना 'आपण पापी आहोत' हे नवे कानावर आले असेल. 'आपण अपात्र आहोत' हे त्यांना कोणी नव्याने सांगावयास नको होते.

तथापि येथेच ह्या मताची दुसरी बाजू दिसते. सर्वच अपात्र असतील, तर अपात्रतेची उतरंड शिल्लक राहत नाही. ब्राह्मण आणि महार, पाद्री आणि श्रोता एकाच ओळीत उभे राहतात, आणि जो कोणी दुसऱ्याच्या पात्रतेचे मोजमाप करू पाहतो तोच ओळीबाहेर पडतो. ही समता सिद्धान्तात आहे, म्हणून ती व्यवहारात आली असे मात्र म्हणता येत नाही. इंग्लंडातून आलेले जेझुइट फादर स्टीफन्स ह्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेवरील प्रेमाचे अपूर्व स्मारक आहे. परंतु त्याचे श्रोते अशा राज्यात राहत होते जेथे त्यांची देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले होते. ग्रंथाच्या आरंभी हेच श्रोते जुन्या पुराणांच्या जागी आपल्या भाषेत काहीतरी द्यावे अशी मागणी करताना दिसतात. ती मागणी वाचताना आपले मन द्विधा होते. कृपा जर विनामूल्य असेल, तर तिच्यामागे सत्तेचा दंडा उभा असू शकत नाही. तो उभा असेल, तर घेणाऱ्याने व्यक्त केलेली कृतज्ञता ही कृतज्ञता आहे की शरणागती, हे कोणी ठरवावे? स्टीफन्सच्या ओव्यांचे सौंदर्य मान्य करूनही हा प्रश्न समीक्षकाला टाळता येणार नाही.

४

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्यावर अशी सत्ता नव्हती. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो घरदार, जात आणि काही काळ पत्नीही गमावून. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 'अभंगांजली'त हा पूल जागोजागी दिसतो. कृतज्ञतेचा पेच सोडविण्यासाठी टिळकांनी जो उपाय योजला तोही वारकरी परंपरेतलाच होता. त्यांनी ख्रिस्ताला माउली केले. आई आणि लेकरू ह्यांच्यात हिशेब नसतो. आईचे पांग फिटत नाहीत, हे सर्वांनाच ठाऊक असते, आणि ते फिटत नाहीत ह्याची लाज कोणी बाळगीत नाही. 'फेडणे' ह्या क्रियापदाला टिळकांनी अशा नात्यात नेऊन सोडले की तेथे ते आपोआप निरर्थक व्हावे.

ही योजना काव्यदृष्ट्या अत्यंत यशस्वी आहे, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ओठी टिळकांची भजने राहिली त्याचे हे एक कारण होय. परंतु येथे एक उणीवही आहे, ती आजवर पुरेशी लक्षात घेतली गेली नाही असे मला वाटते. आईचे प्रेम हे वात्सल्य आहे; ते अपराध्याला दिलेली दया नव्हे. तान्हे लेकरू निरपराध असते. ज्याने खरोखर काही बिघडविले आहे, दुसऱ्याचे खरोखर नुकसान केले आहे, त्याला माउलीच्या मांडीवर बसविले की त्याचा अपराधच अदृश्य होतो. आणि अपराध अदृश्य झाला की क्षमाही पोकळ होते. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात हे दोन्ही पदर एकत्र ठेवले आहेत. तो मुलगा परत येताना मनाशी एक भाषण तयार करून येतो. मी मुलगा म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला मजुरांपैकी एक समजा, असे त्याला म्हणावयाचे असते. ह्यातील दुसरे वाक्य फेडण्याचे आहे. मजुरी करून तो बापाच्या नजरेतील जागा कमावू पाहतो. बाप त्याला पहिले वाक्य बोलू देतो आणि दुसऱ्याआधीच चाकरांना वस्त्र आणावयास सांगतो. अपराधाची कबुली ऐकली जाते, परतफेडीचा प्रस्ताव ऐकला जात नाही. टिळकांच्या माउलीच्या अभंगांत दुसरी गोष्ट उत्कटतेने येते, पहिली बहुधा विरघळून जाते.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत ह्याच्या उलट आहे. 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या त्यांना कलकत्त्यास १८७८ मध्ये मिळाल्या; पात्रता म्हणजे काय हे त्यांना पुरेपूर माहीत होते. बाप्तिस्मा त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात घेतला. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की, तेव्हा आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे कित्येक वर्षांनी सापडला. पंडितेला पांडित्याच्या बळावर जे मिळाले नाही, ते ती रिकाम्या हातांनी घेते. ह्या अनुभवानंतर रमाबाईंनी आभाराची स्तोत्रे रचीत बसण्यापेक्षा केडगावी दुष्काळपीडित स्त्रिया व मुली ह्यांना आसरा दिला आणि त्या संस्थेला 'मुक्ती' हे नाव ठेवले. सुटलेली स्त्री दुसऱ्यांना सोडवू लागली. तिने मूळ भाषांवरून केलेले आणि तिच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापले गेलेले बायबलचे भाषांतरही सामान्य, अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे ह्या हेतूने केलेले आहे. तेही मुक्तीचेच एक काम होय.

५

आता 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी (१८६८–१९३६) कृपेवर प्रवचन केलेले नाही. आभाराचे शब्द शोधावयास गेले तर फारसे हाती लागत नाहीत. तरीही ह्या विषयावरील मराठीतील सर्वश्रेष्ठ ग्रंथ हाच होय, असे मला म्हणावयाचे आहे. त्याची कारणे लेखनाच्या घडणीतच आहेत.

'सोडणे' ह्या क्रियापदाचा एक कठोर अर्थ आपण अद्याप विचारात घेतलेला नाही. नवरा बायकोला सोडतो, तेव्हा ती 'सोडलेली' बाई होते. १८९५ ते १९०० ही वर्षे लक्ष्मीबाईंनी लोकांच्या दृष्टीने अशीच काढली. नवरा धर्म बाटवून गेलेला, पदरी लहान मुलगा, नातेवाइकांची दया अंगावर घेत जगणे. आणि ही दया म्हणजे कृपा नव्हे, तर रोज मोजली जाणारी, रोज फेडावी लागणारी दया, हे त्यांना भोगून कळले होते. मोजलेल्या दयेचा अनुभव ज्याला नाही, त्याला न मोजलेल्या दयेचे मोल कळणे अवघड. पुढे त्या पतीकडे परतल्या, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याखाली गुदमरलेले बालपण ज्यांनी पाहिले, त्या लक्ष्मीबाई जातिभेद देवाने केला की माणसाने ह्या विचाराशी झगडून स्पर्शास्पर्शाचे बंधन गळून पडू देतात. ह्या ठिकाणी 'सुटणे' हे क्रियापद पुरते सार्थ होते.

परंतु ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य असे की, इतके भोगूनही लक्ष्मीबाई हिशेब चुकता करीत नाहीत. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार बहुधा खतावणीसारखा असतो; कोणी किती दिले, कोणी किती बुडविले, ह्याच्या नोंदी लेखक करून ठेवतो. लक्ष्मीबाई नोंदी ठेवतात, पण वसुली करीत नाहीत. टिळकांचा संताप, त्यांचा लहरीपणा, घरात पैसा टिकू न देणारे त्यांचे औदार्य हे सर्व त्या स्पष्ट लिहितात. कशावरही पांघरूण घालीत नाहीत, आणि तरीही वाचक टिळकांवर रागावत नाही, तो हसतो. हे हसू म्हणजेच ऋण सोडण्याचे लक्षण होय. अपराध पूर्ण दिसतो, आणि तो दिसत असतानाच सोडला जातो. टिळकांच्या अभंगात जी गोष्ट निसटली, ती त्यांच्या पत्नीच्या गद्यात सापडते. स्वतःच्या चुकाही त्या अशाच निर्मळपणे सांगतात. स्वतःला माफ करून घेण्याची धडपड त्यात नाही. माफी मिळालेल्या माणसाला ती करावी लागत नाही.

आणि ग्रंथाच्या उत्तरार्धात त्यांच्या घरात परक्यांची मुले वाढतात, आजारी माणसे येतात, भुकेलेली जेवतात. हे सर्व त्या 'सेवा' ह्या मोठ्या शब्दाने सांगत नाहीत. घरातील गोंधळ म्हणून सांगतात.

६

अखेर आजच्या वाचकाच्या, विशेषतः आमच्या भागातील तरुण वाचकाच्या, मनातील शंका. 'कृपा' हा शब्द त्याला सरंजामी वाटतो. निजामी राज्याचा अंमल १७ सप्टेंबर १९४८ ला संपला, तरी 'मेहेरबानी', 'कृपादृष्टी', 'हुजूर' ह्या शब्दांची छाया अर्जांच्या मायन्यांतून अजून पुरती गेलेली नाही. डॉ. आंबेडकरांच्या विचारावर वाढलेला विद्यार्थी म्हणतो की, आम्हांस कृपा नको, हक्क हवा. हे म्हणणे योग्यच आहे. शेतकऱ्यांच्या चळवळीतही हाच भाषिक झगडा झाला. शरद जोशींनी 'कर्जमाफी' ह्या शब्दास हरकत घेतली, कारण माफी गुन्हेगाराला देतात. त्यांचा आग्रह 'कर्जमुक्ती' ह्या शब्दाचा होता. २००८ ची केंद्र सरकारची योजना माफीची म्हणूनच ओळखली गेली. महाराष्ट्राने २०१९ मध्ये काढलेल्या योजनेच्या नावात मात्र 'कर्जमुक्ती' हा शब्द आला. एका शब्दाच्या बदलाने घेणाऱ्याची मान वर होते, ह्याचे हे ताजे उदाहरण.

जे हक्काने मिळावयास हवे, ते कृपा म्हणून देणे हा अन्याय आहे, ह्यात शंका नाही. परंतु माणसाच्या आयुष्यात असेही देणे असते की ज्यावर कोणाचाच हक्क नसतो. आपण ज्याचे बिघडविले त्याने आपणास सोडावे, असा हक्क कोणता कायदा देईल? कृपेचे क्षेत्र येथून सुरू होते. आणि त्या क्षेत्रात कृतज्ञता म्हणजे काय, ह्याचे उत्तर मत्तयाने दिलेल्या एका दृष्टान्तात आहे. राजा एका चाकराचे कल्पनेपलीकडचे ऋण सोडतो. तो बाहेर पडतो आणि शंभर दीनारांचे देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. राजा त्याला परत बोलावितो तो राजाचे फेडले नाहीस म्हणून नव्हे. तुझे सुटले तसे तू सोडले नाहीस म्हणून. कृतज्ञतेची दिशा येथे बदलते. ती देणाऱ्याकडे परत जात नाही; ती पुढच्या माणसाकडे जाते. शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही ऋण सोडणे हे असेच दुपदरी आहे.

जानेवारी २०२० मध्ये लातूरच्या शेजारी उस्मानाबाद येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार' ह्या ग्रंथास साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. २०२४ मध्ये ते निवर्तले. कॅरीच्या काळापासून चालत आलेले हे भाषांतराचे काम म्हणजेही एका अर्थी ऋण पुढे देणेच होय, कारण भाषेने जे दिले ते भाषेला फेडता येत नाही. पुढच्या वाचकाला देता येते.

त्या विद्यार्थिनीस आज मी एवढेच सांगेन. जे फेडायचे नाही त्याचे स्मरण ठेवावयाचे असते, आणि आपल्या हाती ज्याची चोपडी असेल त्याला सोडावयाचे असते. हे उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथातून मला मिळालेले नाही. ते 'उपकारस्मरण' ह्या एका शब्दातून आणि लक्ष्मीबाईंच्या हसण्यातून मिळाले आहे.